नखाची बुरशी : आधी तपासणी, मग गोळी

मागच्या वर्षी आमच्या बचत गटात पापडाचं काम चालू असताना एका ताईंच्या अंगठ्याचं नख पिवळं आणि जाड झालं. "ही बुरशीच. पिठात हात घालू नका," असं आम्हीच त्यांना सांगितलं. त्यांनी मेडिकलमधून विचारून गोळ्या आणल्या, दोन महिने घेतल्या. नख होतं तसंच राहिलं. पैसे गेले आणि रोजची कमाईही बुडाली.

शेवटी आम्ही त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. तिथे कळलं, की खराब दिसणाऱ्या नखांपैकी साधारण निम्म्याच नखांत बुरशी असते. मार लागणं, सोरायसिस यांमुळेही नख तसंच दिसतं. म्हणून आधी तपासणी.

ही तपासणी साधी असते. नखाचा तुकडा कापतात, नखाखालचा भुसा खरवडून घेतात. तो काचेच्या पट्टीवर ठेवून त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साईडचे थेंब टाकतात. नख केराटिनचं असतं, ते या द्रावणात विरघळतं. बुरशीच्या कवचात कायटिन असतं, ते टिकून राहतं. मग सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे फांद्या फुटलेले बारीक धागे दिसतात. बुरशी नेमकी कोणती, हे मात्र कल्चरमध्ये कळतं. त्याला तीन-चार आठवडे लागतात.

जाताना नेलपॉलिश काढून जा. मलम किंवा गोळ्या चालू असतील तर लपवू नका, कारण औषधामुळे बुरशी असूनही दिसत नाही. एकदा दिसली नाही, तरी शंका असेल तर डॉक्टर पुन्हा तपासतात.

आमच्या ताईंच्या गोळ्या बंद करून डॉक्टरांनी काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी केली. बुरशी नव्हतीच. नखांवरचे बारीक खळगे आणि डोक्यातले पापुद्रे पाहून त्यांनी सोरायसिस सांगितला. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

बुरशी निघालीच, तर गोळ्या बहुधा हाताच्या नखाला सहा आणि पायाच्या नखाला बारा आठवडे घ्याव्या लागतात. काहींच्या यकृताला त्या बाधतात, म्हणून डॉक्टरांना विचारूनच घ्या. नवं नख यायला हाताला सहा महिने, पायाला वर्षभर किंवा जास्तही लागतं. धीर धरा.

ताई आता पुन्हा आमच्यात पापड लाटतात. आम्ही त्यांची माफी मागितली. तपासणीआधी कुणाला बाजूला बसवायचं नाही, हे आम्ही गटात ठरवलं आहे. तुम्हीही ठरवा.