स्कोप घ्यायचाय? मग आधी हे आकडे वाचायला शिका

(या भागाचा लिखित मजकूर. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, बस सुटायच्या आत होईल.)

आजचा विषय रायफलवर बसवायची दुर्बीण, म्हणजे स्कोप. गेममध्ये ४x, ८x उचलायची सवय आपल्या सगळ्यांना आहे. तिथे मोठा आकडा मिळाला की माणूस खूश होतो. खऱ्या रायफलवर मात्र मोठा आकडा बऱ्याचदा कामात अडथळा आणतो. कसा, ते सांगतो. पण त्याआधी एक महत्त्वाचा प्रश्न.

तुम्हाला स्कोप खरंच लागणार आहे का?

स्वप्निल कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ घेतलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा पोरगा. त्यानंतर रेंजवर येणाऱ्या पोरांची गर्दी वाढली, आणि बरेच जण पहिलाच प्रश्न विचारतात, "स्कोप कुठला घेऊ?"

उत्तर आहे, कुठलाच नको. १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर रायफल या ऑलिंपिकच्या प्रकारांत रायफलवर दुर्बीण चालतच नाही. तिथे मागे एक बारीक भोक असतं, त्याला आपल्याकडे पीप किंवा डायोप्टर म्हणतात. पुढे नळीच्या टोकाला एक रिंग असते. मागच्या भोकातून बघायचं, पुढची रिंग दिसली पाहिजे आणि त्या रिंगच्या बरोबर मधोमध टारगेटचा काळा गोल. मोठं करून दाखवणारं काही नाही. १० मीटरच्या टारगेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तरी हे असंच. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, अभिनव बिंद्रा, सगळे याच पद्धतीनं खेळले.

एक अपवाद आहे, रनिंग टारगेट. त्यात टारगेट आडवं पळतं आणि स्कोप चालतो. पण २००४ च्या अथेन्सनंतर तो प्रकार ऑलिंपिकमध्ये नाही.

म्हणून क्लबच्या मॅचेस, राज्य, नॅशनल असा रस्ता डोक्यात असेल तर स्कोपचे पैसे वाचवा. शूटिंग जॅकेट आणि पेलेट्सवर घाला, कोचला विचारून.

आणि शिकारीचं काय?

भारतात शिकार बंद आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. "एअरगनला कुठे लायसन्स लागतं?" म्हणत पाखरांवर छर्रे मारणाऱ्यांनी नीट ऐका: बंदुकीला परवाना लागतो की नाही हा एक कायदा, आणि पक्षी मारणं हा दुसरा. पहिल्यात सुटलात म्हणून दुसऱ्यात सुटत नाही.

पण आपले बरेच श्रोते अमेरिकेत, कॅनडात, जर्मनीत आहेत. तिथे परवाना काढून, ठरलेल्या सीझनमध्ये शिकार करता येते. विस्कॉन्सिनमध्ये नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आसपास नऊ दिवसांचा हरणांचा सीझन असतो. ऑफिस अर्धं रिकामं होतं आणि कलीग विचारतो, "येतोस का?" तेव्हा पुढचं सगळं तुमच्या कामाचं. इथे चुकीच्या स्कोपची किंमत पैशापुरती राहत नाही. गोळी चार बोटं चुकली तर हरीण मरत नाही, जखमी होऊन रानात निघून जातं आणि तासन् तास तडफडतं. हे डोक्यात ठेवूनच पुढचे आकडे बघू.

३-९×४० म्हणजे काय?

स्कोपच्या खोक्यावर असं काहीतरी लिहिलेलं असतं. ३-९ म्हणजे वस्तू तिप्पट ते नऊपट जवळ दिसणार, रिंग फिरवून कमी-जास्त करता येणार. ४० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. बस. अमेरिकेत हरणांच्या शिकारीला वर्षानुवर्षं हाच साधा ३-९×४० चालत आलाय.

आता कोणी म्हणेल, त्याच पैशात ६-२४×५० मिळतोय, मग नऊपटच का घ्यायचा?

पहिलं कारण, दिसणारा भाग. तिप्पटवर १०० मीटरवरचा साधारण १० ते ११ मीटर रुंदीचा भाग स्कोपमध्ये मावतो. नऊपटवर चार-साडेचार मीटर. चोवीसपटवर जेमतेम दीड मीटर. हरीण झाडीतून ३० मीटरवर अचानक समोर आलं तर चोवीसपटवर तुम्हाला फक्त केस दिसतील. खांदा कुठे, पोट कुठे, काही कळणार नाही. सहापटवर खाली आणलं तरी जवळच्या, हलत्या प्राण्याला सहापट जास्तच होतं.

दुसरं कारण, हाताची थरथर. स्कोप टारगेट मोठं करतो तशी तुमची थरथरही मोठी करतो. बाकावर, सँडबॅगवर रायफल ठेवली असेल तर चोवीसपट मस्त. झाडाला टेकून उभं राहून बघितलंत तर सगळं नाचताना दिसेल.

तिसरं कारण, उजेड. यासाठी एक सोपं गणित आहे.

उजेडाचं गणित

भिंगाचा व्यास भागिले पट. ४० भागिले ९, उत्तर साधारण ४.४. म्हणजे स्कोपमधून तुमच्या डोळ्याकडे ४.४ मिलिमीटरचा उजेडाचा गोल येतो. पट कमी करून ४ वर आणली तर ४० भागिले ४, म्हणजे १० मिलिमीटर.

अंधारात तरुण माणसाची बाहुली जास्तीत जास्त सात मिलिमीटरच्या आसपास उघडते. त्यामुळे सातच्या वरचा उजेड वाया जातो, आणि सातच्या खाली गेलं की संध्याकाळी चित्र अंधूक होत जातं. २४ पट आणि ५० चं भिंग असेल तर येतात फक्त दोन मिलिमीटर. भर दुपारी ठीक, तिन्हीसांजेला काळोख.

आणि हरणं फिरतात कधी? पहाटे आणि तिन्हीसांजेला. जर्मनी-ऑस्ट्रियाकडे रात्री मचाणावर बसून रानडुकराची वाट बघणारे शिकारी म्हणूनच ८×५६ वापरत आलेत. ५६ भागिले ८, बरोबर सात.

मग भिंग मोठंच घ्यावं का? तर तेही नाही. मोठं भिंग म्हणजे जास्त वजन, आणि स्कोप नळीपासून उंच बसवावा लागतो. मग गाल रायफलच्या दस्त्यावर नीट टेकत नाही, मान वर काढावी लागते, आणि नेम दर वेळी थोडा वेगळा लागतो.

क्लिक : एमओए की मिल?

स्कोपवर दोन गोल खुंट्या असतात. वरची गोळी वर-खाली नेते, बाजूची डावी-उजवीकडे. फिरवलं की टक् टक् असा आवाज येतो, तोच क्लिक.

एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर तो २.९ सेंटिमीटर होतो. बहुतेक स्कोपवर एक क्लिक पाव एमओए असतो, म्हणजे १०० मीटरवर सुमारे सात मिलिमीटर. अमेरिकेत इंच-यार्डवाल्यांना हे सोयीचं, कारण १०० यार्डांवर एक एमओए जवळपास एक इंच होतो.

मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग. १०० मीटरवर १० सेंटिमीटर. एक क्लिक बहुधा ०.१ मिल, म्हणजे १०० मीटरवर बरोबर एक सेंटिमीटर. आपण मेट्रिकवाले, आपल्याला हे तोंडपाठच.

उदाहरण घ्या. १०० मीटरवर तुमच्या गोळ्या ६ सेंटिमीटर खाली आणि ३ सेंटिमीटर डावीकडे लागतायत. मिलवाल्या स्कोपवर ६ क्लिक वर, ३ क्लिक उजवीकडे. पाव एमओएवाल्यावर साधारण ८ वर, ४ उजवीकडे. दोन्हींत चांगलं-वाईट काही नाही. फक्त आतल्या रेषांची खूण आणि बाहेरची खुंटी एकाच मापात हवी. आत मिल आणि बाहेर एमओए असलेले स्वस्त स्कोप मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. थंडीत कुडकुडत गुणाकार कोण करणार?

आतली जाळी : पहिली की दुसरी?

दुकानदार विचारेल, फर्स्ट फोकल प्लेन की सेकंड? घाबरू नका. फर्स्टमध्ये पट वाढवली की आतली क्रॉसची जाळीही मोठी होते, त्यामुळे तिच्यावरच्या खुणांचं माप कुठल्याही पटवर खरं राहतं. सेकंडमध्ये जाळी कायम तेवढीच दिसते, पण खुणांचं माप एकाच ठरावीक पटवर बरोबर असतं, बहुधा सगळ्यात वरच्या.

वेगवेगळ्या अंतरांवर घड्याळ लावून मॅच खेळणार असाल तर फर्स्ट. दीडशे-दोनशे मीटरच्या आतल्या शिकारीला सेकंड पुरतो, स्वस्त पडतो, आणि कमी पटवर जाळी ठळक दिसते. फर्स्टमध्ये तीच जाळी कमी पटवर केसासारखी बारीक होते आणि संध्याकाळी हरवते.

पॅरलॅक्स : एअर रायफलवाल्यांनी इथे थांबा

गाडीत बाजूच्या सीटवरून स्पीडोमीटर बघितलात तर काटा वेगळ्या आकड्यावर दिसतो ना? तसंच. डोळा थोडा सरकला आणि क्रॉस टारगेटवरून हलल्यासारखा वाटला, तर तो पॅरलॅक्स.

शिकारीचे साधे स्कोप बहुधा १०० यार्डांसाठी जुळवलेले असतात. पॉइंट टू-टूसाठीचे साधारण ५० ते ६० यार्डांसाठी. तुमची एअर रायफल १० ते ३० मीटरवर चालते. तिच्यावर १०० यार्डांचा स्कोप लावला तर चित्र धूसर, आणि डोळा मधून सरकला तर सेंटिमीटरभर चूक सहज. म्हणून एअर रायफलला जुळवता येणारा पॅरलॅक्स हवा, १० यार्डांपर्यंत खाली येणारा. ब्रिटनमध्ये फील्ड टारगेट नावाचा खेळ आहे. त्यात खेळाडू याच पॅरलॅक्सच्या चाकावरून अंतर ओळखतात.

तपासायचं कसं? रायफल सँडबॅगवर ठेवा, हात लावू नका. स्कोपमधून बघत डोकं हळू वर-खाली करा. क्रॉस टारगेटवर फिरला तर जुळणी चुकलीय.

अजून एक. स्प्रिंगची एअर रायफल दोन धक्के देते, आधी मागे आणि लगेच पुढे. जोरदार बंदुकीचे धक्के सहन करणारे स्कोपही या पुढच्या धक्क्यानं खराब होतात. खोक्यावर स्प्रिंग रायफलला चालेल असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या.

डोळा आणि भुवई

पूर्ण चित्र दिसायला डोळा मागच्या भिंगापासून किती लांब हवा, ते अंतर साधारण नऊ-दहा सेंटिमीटर असतं. जास्त धक्क्याच्या रायफलवर हे कमी पडलं की स्कोपची कड थेट भुवईवर बसते आणि टाके पडतात. दुकानात डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, मग डोळे उघडा. चित्र पूर्ण दिसलं पाहिजे, मान पुढे-मागे न करता.

स्कोपची नळी एक इंची की ३० मिलिमीटरची, तेही बघा. रिंगा त्याच मापाच्या लागतात. पैसे कमी असतील तर स्कोप एक पायरी खालचा घ्या, पण रिंगा मजबूत घ्या. ढिल्या रिंगेत भारी स्कोपही रोज वेगळा नेम देतो.

मग घ्यायचा कुठला?

- राज्य-राष्ट्रीय रायफल मॅचेस : स्कोप नाही. पीप साइट.
- मजेसाठी एअर रायफल, कागदी टारगेट : ३-९ किंवा ४-१२ पट, ४० चं भिंग, जुळवता येणारा पॅरलॅक्स.
- झाडीतली हरणाची शिकार, परवानगी असलेल्या देशात : ३-९×४० किंवा त्याहून कमी पट.
- उघडं माळरान, लांबची टारगेट्स : ४-१६ किंवा पुढे, मिल-मिल किंवा एमओए-एमओए, पॅरलॅक्सची जुळणी असलेला.

शेवटचं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. स्कोपनं आजूबाजूला बघत बसू नका. स्कोप जिकडे वळतो तिकडे नळीही वळते. झाडीत हललेलं काय आहे, हरीण की माणूस, हे बघायला गळ्यात साधी दुर्बीण ठेवा. ओळख पटली, मागे काय आहे ते दिसलं, की मगच रायफल खांद्याला. दुर्बिणीसाठी पैसे उरत नसतील तर स्कोपची दोन पट कमी करा आणि तिच्यासाठी काढा.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात कमी गोळ्यांत रायफल झिरो कशी करायची ते बघू. तोपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर!