खिडकीतील दवबिंदू

पावसाळ्याच्या अखेरीस कासच्या पठारावर अथवा गोव्यातील एखाद्या कातळी सड्यावर जो मनुष्य खाली वाकून पाहील, त्यास ओलसर जांभ्यावर रुपयाच्या नाण्याएवढ्या तांबूस चकत्या चिकटलेल्या दिसतील. भर दुपारी सारे गवत कोरडे झालेले असते. परंतु या चकत्यांच्या पानांवर मात्र पहाटेचे दव जसेच्या तसे चमकत असते. हे दव नव्हे, हे एखादी मुंगी त्यावरून जाऊ लागली म्हणजे कळते. मुंगीचा पाय अडकतो, ती धडपडते, आणि जितकी धडपडते तितकी अधिक गुंतते. मराठीत या वनस्पतीस दवबिंदू असे गोड नाव आहे. शास्त्रीय नाव ड्रोसेरा हेही दव या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच आले आहे. डांग्या खोकल्यावर होमिओपॅथीचे औषध घेतलेल्यांना ते नाव बाटलीवर वाचल्याचे स्मरत असेल.

जगात दवबिंदूच्या सुमारे दोनशे जाती असून त्यांतील निम्म्याहून अधिक ऑस्ट्रेलियात आहेत. आपल्या सड्यांवर प्रामुख्याने दोन आढळतात: जमिनीलगत चकतीसारखी पसरणारी ड्रोसेरा बर्मानी आणि दोऱ्यासारख्या पानांची उभी ड्रोसेरा इंडिका. दोघींचीही वस्ती निकृष्ट जमिनीत. कातळावरील मातीच्या पातळ थरात नत्र व स्फुरद जवळजवळ नसतात. पावसाने जे काही असेल ते धुऊन नेलेले असते. जमीन जे देत नाही ते ही झाडे कीटकांपासून मिळवतात. साखर मात्र ती इतर झाडांप्रमाणे सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने स्वतःच तयार करतात. हा भेद नीट ध्यानी धरला पाहिजे. कारण घरी दवबिंदू लावणाऱ्यांच्या बहुतेक चुका तो विसरल्यामुळे होतात.

चार्ल्स डार्विनला या वनस्पतीने वेड लावले होते. इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात १८६० च्या उन्हाळ्यात त्याने तेथील गोल पानांची जात पाहिली, आणि त्याच वर्षी एका भूशास्त्रज्ञ मित्रास कळवले की, जगातील सर्व जीवजातींच्या उत्पत्तीपेक्षा आपणास या रोपाविषयी अधिक आस्था वाटते. ज्याचा जीवजातींवरील ग्रंथ आदल्याच वर्षी प्रसिद्ध झाला होता, त्याचे हे उद्गार! पंधरा वर्षांनी, १८७५ मध्ये, त्याचे कीटकभक्षक वनस्पतींवरील पुस्तक निघाले. पानावरील केसरांवर त्याने दूध, मांस, अंड्याचा पांढरा बलक अशा कितीतरी वस्तू ठेवून पाहिल्या. एक मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाहूनही कमी वजनाचा माणसाच्या केसाचा तुकडा ठेवला, तरी केसर वाकू लागले. मात्र पावसाचे टपोरे थेंब आदळले असता ते हलले नाहीत. पाऊस कोणता आणि भक्ष्य कोणते, हे त्या पानाला कळते. पुढे थोड्याच वर्षांत त्याचा मुलगा फ्रान्सिस याने काही रोपांना अन्न देऊन व काहींना उपाशी ठेवून तुलना केली. ज्यांना अन्न मिळाले त्यांना बी कितीतरी अधिक धरले.

ज्यांना हा चमत्कार घरी पाहावयाचा असेल त्यांनी सड्यावरील रोप उपटून आणू नये. तसे करणारे पुष्कळ असतात, आणि पंधरवड्यात रोप मेले म्हणजे हवामानास दोष देतात. बर्मानी मुळात एका हंगामाची वनस्पती आहे. फुलोऱ्यावर आलेले रोप काढले, म्हणजे रोपही गेले आणि पुढील वर्षाचे बीही गेले. जांभ्याच्या खाणींनी व इमारतींनी हे सडे आधीच कमी होत चालले आहेत. त्यात हौशी माणसांनी भर घालण्याचे कारण नाही.

नवशिक्याने दक्षिण आफ्रिकेतील केप प्रांताची ड्रोसेरा कॅपेन्सिस ही जात घ्यावी. लागवडीतून वाढवलेली तिची रोपे व बी हौशी मंडळींकडे मिळते. पट्टीसारखी लांब पाने, त्यांवर लाल केसर, आणि भक्ष्य सापडले असता अर्ध्या तासापासून काही तासांत सबंध पान त्याभोवती गुंडाळले जाते.

या रोपाचा घात होतो तो बहुधा मायेनेच. शेणखत, गांडूळखत, बागेतील काळी माती यांपैकी काहीही त्यास चालत नाही. मुळे जळून जातात. स्फॅग्नम नावाचे शेवाळ, ज्याला रोपवाटिकेत नुसते मॉस म्हणतात, ते उत्तम. न मिळाल्यास कोकोपीट घ्यावे. पण नारळाच्या भुशात क्षार असतात, म्हणून ते अनेक पाण्यांतून धुऊन त्यात निम्मी स्वच्छ रेती मिसळावी. समुद्रकाठची वाळू घेऊ नये. कुंडी प्लास्टिकची असावी, कारण मातीच्या कुंडीत क्षार साठत जातात. कुंडी एका ताटलीत ठेवून ताटलीत बोटभर पाणी सदैव ठेवावे. नेहमीच्या झाडांना असे पाणी साचू दिले तर ती कुजतील. हे मात्र दलदलीचे लेकरू आहे.

खरी अडचण पाण्याची. हैदराबाद, ग्वाल्हेर येथील कूपनलिकांचे जड पाणी या रोपास विषासमान आहे. नळाचे पाणी उकळून भागत नाही, कारण उकळल्याने पाणी आटते व क्षार मागेच राहतात. पावसाचे साठवलेले पाणी सर्वोत्तम. गोवा-बेळगावकडील वाचकांस त्याची वाण नाही. इतरांनी मोटारीच्या बॅटरीत घालण्याचे शुद्ध पाणी आणावे. मात्र ते पाणीच असल्याची खात्री करून घ्यावी, कारण त्याच दुकानात आम्लही मिळते.

रोप पूर्वेच्या खिडकीत, दररोज चार-पाच तास ऊन मिळेल असे ठेवावे. केसर लाल आणि थेंब टपोरे असले, म्हणजे प्रकाश पुरेसा आहे असे समजावे. पाने हिरवी, लांबोडी व कोरडी दिसू लागली तर रोप अंधारात आहे. काचेच्या हंडीत कोंडून ठेवण्याची गरज नसते. इंदूर-ग्वाल्हेरच्या वैशाखात मात्र ते खिडकीतून काढून घरातील थंड, उजेडाच्या जागी न्यावे. झळांनी पाने जळाली तरी कुंडी फेकू नये. मुळे जिवंत असल्यास महिन्याभरात नवे कोंब येतात.

मुलांना खाऊ घालण्याचा मोह आवरत नाही. मांसाचा तुकडा ठेवला तर तो सडतो, बुरशी येते आणि पान काळे पडते. घरातील चिलटे रोप आपली आपण पकडते. फारच हौस असेल तर माशांच्या टाकीत टाकतात त्या कोरड्या खाद्याची चिमटीभर पूड, तीही एखाद्याच पानावर, महिन्यातून एकदा-दोनदा. मावा पडला तर औषध फवारण्याऐवजी अख्खी कुंडी एक-दोन दिवस शुद्ध पाण्यात बुडवून ठेवावी. मावा गुदमरतो, रोप तगते.

आणि मग वंशवृद्धी, जी या छंदातील सर्वांत आनंदाची गोष्ट. एक निरोगी, नुकतेच पूर्ण उघडलेले पान कापावे, त्याचे दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करावेत, आणि झाकणाच्या काचेच्या बरणीत शुद्ध पाण्यावर तरंगत ठेवावेत. बरणी उजेडात ठेवावी, पण कडक उन्हात नव्हे. तीन-चार आठवडे काहीच घडत नाही. पान फिके पडते आणि पाहणारा निराश होतो. मग एके दिवशी त्याच पानाच्या पृष्ठावर मोहरीएवढी हिरवी टोके दिसतात, आणि काही दिवसांनी त्यांवर एवढेसे केसर व एवढेसे थेंब येतात. मुळे फुटली की ती रोपे शेवाळावर मांडावीत. मुळांचे तुकडे आडवे ठेवून वर पातळ थर पसरला तरी रोपे येतात.

कॅपेन्सिसला बीही विपुल येते, कारण तिची फुले आपली आपण फळतात. बी धुळीसारखे बारीक असते. ते नुसते ओल्या पृष्ठभागावर भुरभुरावे, वर माती घालू नये. उगवण्यास उजेड लागतो. सड्यावरील बर्मानी वाढवण्याचाही हाच मार्ग आहे, कारण तिच्या पानांपासून सहसा रोप होत नाही. तिचे लागवडीतील बी कोणाकडे मिळाल्यास ते अवश्य पेरावे. तिच्या कडेचे लांब केसर काही सेकंदांत वाकतात, आणि कॅपेन्सिसपुढे तासभर बसण्याइतका धीर नसलेल्यांना ती अधिक आवडते.

जादा झालेले परदेशी बी मात्र सहलीला गेल्यावर सड्यावर उधळून येऊ नये. न्यूझीलंडमध्ये कॅपेन्सिस कुंड्यांतून निसटून रानात पसरली आहे. बी कागदाच्या पुडीत घालून, पुडीवर नाव व साल लिहून, शेजाऱ्याला द्यावे. आणि पाणी कोणते घालावयाचे तेही त्याच पुडीवर लिहावे.