यूएसबीच्या तारेत डेटा हरवतो कुठे?

गेल्या हिवाळ्यात आमच्या प्रयोगशाळेत एका सिग्नलमध्ये दर दहा सेकंदांनी बारीकशी उडी दिसू लागली. अगदी नियमित. चार दिवस मी तिची कारणं शोधत होतो: पंप, हीटर, खोलीचं तापमान. तिच्यावर एक स्लाइडसुद्धा तयार केली. शेवटी लक्षात आलं, की माझाच प्रोग्रॅम दर दहा सेकंदांनी फाइल सेव्ह करत होता आणि नेमकी तेव्हा काही मोजमापं गळत होती.

हिशेब मी आधीच केला होता. मायक्रोकंट्रोलर सेकंदाला ५ लाख मोजमापं घेणार, प्रत्येकी २ बाइट, म्हणजे १० लाख बाइट. यूएसबीचा वेग सेकंदाला १२ मेगाबिट. ८ने भागलं की १५ लाख बाइट. मग अडचण कुठे होती?

पहिली गोष्ट म्हणजे ते १२ मेगाबिट सगळे आपल्या वाट्याला येत नाहीत. या वेगाचं नाव ‘फुल स्पीड’. १९९६ साली यूएसबी आलं तेव्हा हाच सर्वांत जास्त वेग होता. आजही अनेक स्वस्त बोर्ड तेवढाच वेग देतात, खोक्यावर ‘यूएसबी २.०’ लिहिलेलं असलं तरी!

यूएसबीवर मायक्रोकंट्रोलर आपणहून डेटा पाठवू शकत नाही. वर्गातल्या हजेरीसारखं आहे हे: नाव पुकारलं तरच ‘हजर’ म्हणायचं. संगणक विचारतो, मायक्रोकंट्रोलर जास्तीत जास्त ६४ बाइटचं पाकीट देतो, संगणक पोच देतो. ही विचारणा, पोच आणि चूक तपासण्याचे बिट यांत प्रत्येक पाकिटामागे १३ बाइटांइतका वेळ जातो. त्यामुळे १ मिलिसेकंदात १९च पाकिटं बसतात, म्हणजे १,२१६ बाइट. सेकंदाला फार तर १२ लाख १६ हजार, तेही त्या मार्गावर दुसरं कोणी नसेल आणि प्रत्येक पाकीट भरलेलं असेल तर. दोन-दोन बाइटांची पाकिटं पाठवलीत, तर बहुतेक वेळ नुसत्या हजेरीतच जाईल.

तरीही १० लाख हे १२ लाखांपेक्षा कमीच. इथे दुसरी गोष्ट येते. सेन्सरचा नळ सतत चालू असतो, बादली उचलणारा मात्र मधूनच येतो. माझी बादली, म्हणजे मायक्रोकंट्रोलरमधला बफर, ४ किलोबाइटची होती. मिलिसेकंदाला १,००० बाइट आले, की ती चार मिलिसेकंदांत भरते. फाइल सेव्ह करताना प्रोग्रॅम वाचायचा थांबे, संगणकाकडचा बफरही भरून जाई आणि मग संगणक डेटा मागणंच बंद करी. तारेत काही हरवत नव्हतं. तिथे चुकलेलं पाकीट पुन्हा पाठवलं जातं. मोजमापं तारेपर्यंत पोहोचण्याआधीच सांडत होती.

उपाय साधे निघाले. फाइल लिहिण्याचं काम वेगळ्या थ्रेडवर टाकलं. बफर ६४ किलोबाइटचा केला. आमची मोजमापं १२ बिटांची असल्यामुळे दोन मोजमापं चारऐवजी तीन बाइटांत बसवली. मागणी साडेसात लाखांवर आली आणि तुंबलेला डेटा दुपटीहून जास्त वेगाने उपसता येऊ लागला. यानेही भागत नसेल, तर ४८० मेगाबिटचा ‘हाय स्पीड’ बोर्ड घ्यावा. त्यावर सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे ५३ मेगाबाइट जातात. तिथेही पूर्ण ६० नाहीत.

पण सगळ्यात महत्त्वाचा बदल एका बाइटचा होता. आता मोजमापांच्या प्रत्येक गठ्ठ्याला आम्ही अनुक्रमांक देतो, गठ्ठा बफरात जाण्याआधीच. ४१नंतर ४३ आला, की ४२ हरवला हे लगेच कळतं. डेटा गळाला तर प्रयोग पुन्हा करता येतो. गळालेला कळलाच नाही, तर ती गळती शोध म्हणून छापली जाते. माझी ती स्लाइड मी अजून पुसलेली नाही. नवीन विद्यार्थी आला, की पहिल्या दिवशी त्याला तीच दाखवतो.