संकेतस्थळाची पत व तिचे मोजमाप

व्यापारात पत ही भांडवलाइतकीच मोलाची असते, हे सभासद बंधूंस नव्याने सांगावयास नको. हल्ली अनेक पेढ्यांनी आपापली संकेतस्थळे उघडली आहेत, आणि त्यांच्या पतीचा आकडा वाढवून देतो असे म्हणणारे दलालही दारी येऊ लागले आहेत. पैसा देण्यापूर्वी हा आकडा म्हणजे काय, ते समजून घेणे इष्ट होय.

या कल्पनेचे मूळ अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात आहे. लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली ‘पेजरँक’ नावाची पद्धती मांडली. एका पृष्ठाने दुसऱ्याचा दुवा दिला, तर ती शिफारस समजावी. परंतु सर्व शिफारशी सारख्या मानू नयेत. ज्याची पत मोठी, त्याच्या दुव्याचे वजन अधिक. आणि जो शंभरांस दुवे देतो, त्याचे वजन शंभर ठिकाणी वाटले जाते. हुंडीवर सही कोणाची हे आपले वाडवडील पाहत, तोच हा न्याय.

गूगल हा आकडा पूर्वी ० ते १० या मापात लोकांस दाखवीत असे. २०१६ साली ते बंद झाले. मॉझचे ‘डोमेन ऑथॉरिटी’, एचरेफ्सचे ‘डोमेन रेटिंग’ इत्यादी आकडे हे खाजगी कंपन्यांचे १०० पैकी बांधलेले अंदाज आहेत. आपण ते वापरीत नाही, असे गूगलने सांगितले आहे. शिवाय हे माप समप्रमाणात चढत नाही: २० वरून ३० वर जाणे सोपे, ७० वरून ८० वर जाणे फार कठीण. म्हणून तुलना करावयाची ती आपल्याच धंद्यातील पेढ्यांशी, आणि एकाच कंपनीच्या मापाने करावी.

क्रमांक चढविण्यासाठी दुवे विकत घेणे गूगलच्या नियमांविरुद्ध आहे. एप्रिल २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ नामक फेरबदलाने असे कृत्रिम दुवे जमविणाऱ्या स्थळांस खाली आणले. यास्तव दलालास प्रथम विचारावे, ‘दुवे कोठून आणणार?’ त्याने उत्तर टाळले, तर व्यवहार तेथेच थांबवावा.

मालाची खरी माहिती, योग्य पत्ता, गिऱ्हाइकांच्या शंकांची सरळ उत्तरे, आणि पुरवठादार, व्यापारी संघ व स्थानिक वृत्तपत्रे यांनी आपण होऊन दिलेले दुवे, हीच खरी जमा. आकडा वाढला पण चौकशीचे एकही पत्र वाढले नाही, तर तो वहीतील पोकळ जमाखर्चच समजावा.