रूपांतरित इंकजेट प्रिंटरमधील प्रिंटहेडचे विद्युत बिघाड : निदानाची क्रमबद्ध पद्धती

सारांश : महाविद्यालयीन प्रयोगशाळांत साध्या इंकजेट प्रिंटरमध्ये फेरफार करून तो संशोधनाच्या कामास वापरता येतो. अशा यंत्रात प्रिंटहेड बंद पडल्यास 'नोझल चोंदले' असा निष्कर्ष घाईने काढला जातो, अथवा नवे हेड आणून बसविले जाते व तेही जळते. प्रस्तुत लेखात दाबविद्युत प्रिंटहेडची विद्युतरचना, फेरफारामुळे उद्भवणारे दोष आणि त्यांच्या निदानाचा सुरक्षित क्रम यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : इंकजेट, प्रिंटहेड, दाबविद्युत परिणाम, चालक तरंग, केबल, निदान.

१. प्रस्तावना

इंकजेट प्रिंटर हे कार्यालयीन उपकरण असले तरी त्याचे मूळ कार्य पाहता ते द्रवाचे अतिसूक्ष्म थेंब ठरलेल्या जागी टाकणारे यंत्र आहे. शाईऐवजी दुसरा द्रव वापरला की त्याच यंत्राचे स्वरूप पालटते. अमेरिकेतील क्लेमसन विद्यापीठात थॉमस बोलंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या दशकात बाजारातील साध्या प्रिंटरमध्ये फेरफार करून जिवंत पेशींचे मुद्रण केले. २०१३ मध्ये योशिहिरो कावाहारा व सहकाऱ्यांनी चांदीच्या सूक्ष्मकणांची शाई घरगुती प्रिंटरमध्ये भरून कागदावर विद्युतमंडले छापून दाखविली. कापडावर वा फिल्मवर छपाई करण्यासाठी सहा रंगांच्या फोटो प्रिंटरचे केलेले रूपांतर तर आज लहान व्यावसायिकांच्याही परिचयाचे आहे.

विज्ञान शाखेच्या मर्यादित अनुदानात असे यंत्र उभे करणे हा शहाणपणाचा मार्ग आहे. परंतु रूपांतर केलेल्या यंत्रास कंपनीची हमी राहत नाही आणि दुरुस्तीची जबाबदारी विभागावरच येते. आमच्या प्रयोगशाळेत अशा एका यंत्राची छपाई अचानक थांबली. दोन दिवस नोझल धुण्यात गेले. त्यानंतर नवे हेड बसविले आणि यंत्र सुरू करताच तेही निकामी झाले. मूळ दोष केबलच्या टोकाशी वाळलेल्या शाईच्या एका डागात होता. दहा मिनिटांच्या तपासणीत सापडला असता असा हा दोष एका संपूर्ण हेडच्या किमतीस पडला. तो अनुभव या लेखामागील प्रेरणा होय.

२. प्रिंटहेडची विद्युतरचना

इंकजेटचे दोन मुख्य प्रकार आहेत. औष्णिक प्रकारात प्रत्येक नोझलमागे सूक्ष्म रोध असतो. तो क्षणभर तापतो, द्रवाचा बुडबुडा होतो व थेंब बाहेर फेकला जातो. एचपीचा १९८४ मधील थिंकजेट हा या प्रकारचा प्रिंटर होता. दुसऱ्या प्रकारात दाबविद्युत परिणामाचा उपयोग होतो. झाक व पिएर क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये हा परिणाम दाखवून दिला. मुद्रणात त्याचे उलट रूप कामास येते : विभवांतर दिले की स्फटिकाचा आकार किंचित बदलतो व तो शाईच्या कोठडीवर दाब देतो. एप्सनचे प्रिंटर या तत्त्वावर चालतात. द्रव तापवावा लागत नसल्याने नाना प्रकारचे द्रव वापरता येतात. म्हणून रूपांतरासाठी या प्रकारास अधिक पसंती मिळते. पुढील विवेचन त्यासंबंधीच आहे.

विद्युतदृष्ट्या दाबविद्युत घटक हा धारित्रासारखा वागतो. मुख्य बोर्डवर एक चालक तरंग तयार होतो. एन.पी.एन. व पी.एन.पी. अशा दोन ट्रान्झिस्टरांची जोडी त्यास शक्ती पुरविते. या जोडीस मिळणारा दाब एप्सनच्या अनेक लहान फोटो प्रिंटरांत सुमारे ४२ व्होल्ट असतो. हा तरंग चपट्या केबलमधून हेडकडे जातो. हेडमधील एकात्मिक मंडलात प्रत्येक नोझलसाठी एक इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. कोणत्या नोझलने थेंब टाकावा याची माहिती घड्याळ, लॅच व डेटा या कमी दाबाच्या वाहिन्यांतून येते व त्यानुसार स्विच उघडतात वा मिटतात.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, अशा रचनेत चालक तरंग अनेक नोझलांना सामाईक असतो, तर डेटा वाहिन्या नोझलांच्या ओळींनुसार वेगळ्या असतात. दुसरी, ४२ व्होल्टच्या पातळीवरील वाहिन्या आणि तर्कमंडलाच्या नाजूक वाहिन्या एकाच केबलमध्ये, मिलीमीटरपेक्षा कमी अंतरावर शेजारी शेजारी असतात. बहुतेक गंभीर बिघाडांचे मूळ या शेजारात आहे.

प्रवाहाची कल्पना यावी म्हणून एक गृहीत उदाहरण घेऊ. एका वेळी जोडलेल्या घटकांचे एकूण धारित्व १०० नॅनोफॅरड असून दाब ३ मायक्रोसेकंदांत ३० व्होल्टने वाढला, तर प्रवाह = धारित्व × दाबातील बदल ÷ काळ, म्हणजेच १ अँपिअर येतो. हा प्रवाह क्षणिक असल्याने ट्रान्झिस्टर सुरक्षित राहतात. परंतु मार्गात शॉर्ट झाल्यास तो टिकून राहतो आणि ट्रान्झिस्टर, फ्यूज व हेड यांपैकी जे दुर्बल ते प्रथम जळते.

३. रूपांतरामुळे निर्माण होणारे धोके

(अ) शाईची पातळी : बाहेरील टाकीतील द्रवाची पातळी नोझलच्या पातळीपेक्षा वर गेल्यास वक्रनलिकेच्या तत्त्वाने द्रव सतत हेडकडे येतो, ठिबकतो व केबलच्या जोडापर्यंत पोहोचतो. पाण्यावर आधारित शाई विद्युतवाहक असते. क्षारयुक्त द्रावणे त्याहून अधिक. नोझलजवळ अल्प ऋण दाब राहावा यासाठी टाकी नेहमी खालच्या पातळीवर ठेवावी.

(आ) केबलची लांबी व वळण : पृष्ठभाग सपाट करण्यासाठी हेडची गाडी उंचावली जाते आणि केबलचा मार्ग बदलतो. तीव्र घडीच्या जागी तांब्याची पट्टी चिरते. असा दोष गाडी एका विशिष्ट जागी असतानाच प्रकट होतो.

(इ) जोडलेली उपकरणे : शाई ढवळणारा पंप, तापक किंवा जास्तीची मोटर प्रिंटरच्याच विद्युतपुरवठ्यावर जोडल्यास दाबात चढउतार होतात. त्यांना स्वतंत्र पुरवठा असावा.

(ई) स्थितिक विद्युत : प्लास्टिक फिल्म सरकताना विद्युतभार साठतो. तीन पिनांच्या सॉकेटमध्ये अर्थिंग प्रत्यक्षात आहे की नाही, हे तपासल्याशिवाय गृहीत धरू नये.

४. लक्षणांवरून प्राथमिक अनुमान

यंत्र उघडण्यापूर्वी नोझल तपासणीचा नमुना छापून पाहावा. तुटक्या रेषा विखुरलेल्या असतील व साफसफाईनंतर त्यांच्या जागा बदलत असतील, तर दोष बहुधा द्रवमार्गातील आहे. नोझल चोंदले असावे किंवा हवा शिरली असावी. नमुना दर वेळी तंतोतंत सारखाच येत असेल, तर विद्युतदोषाची शक्यता वाढते.

गाडी नेहमीप्रमाणे फिरते पण कागद कोरा राहतो, अशा वेळी सामाईक मार्गाकडे पाहावे : फ्यूज, ट्रान्झिस्टरांची जोडी, केबलचा जोड, हेडमधील मंडल. एखादा रंग संपूर्ण नाहीसा झाला व इतर रंग उत्तम असले तर त्या ओळीची डेटा वाहिनी अथवा त्या रंगाचा शाईमार्ग संशयित ठरतो. आज्ञा नसतानाही एखाद्या रंगाचा सलग पट्टा उमटत असेल तर डेटा वाहिनी शॉर्ट झाली आहे किंवा हेडमधील स्विच निकामी झाले आहेत. यंत्र सुरू होताच दिवे लुकलुकून ते थांबत असेल, तर इतर कारणांबरोबर संरक्षक मंडलाने शॉर्ट ओळखल्याची शक्यताही धरावी.

द्रवमार्ग व विद्युतमार्ग यांतील संशय मिटविण्यास एक साधा प्रयोग पुरतो. हेड काढून शाईच्या नळीतून साफसफाईचा द्रव हळुवारपणे सोडावा व नोझलखाली टिपकागद धरावा. सर्व ओळींतून द्रव समान उतरत असेल आणि तरीही छपाई होत नसेल, तर पुन्हा धुण्यात अर्थ नाही. सिरिंजने जोर मात्र कधीही लावू नये. आतील पातळ पडदा फाटतो. या वेळी हेडचा जोड वर व कोरडा ठेवावा.

५. तपासणीचा क्रम

पहिली पायरी : यंत्र बंद करून प्लग काढावा. मुख्य धारित्रावरील दाब मल्टिमीटरने मोजावा व तो एक व्होल्टखाली आल्यावरच केबलला हात लावावा. १००० मायक्रोफॅरडचे धारित्र ४२ व्होल्टला भारलेले असेल तर त्यात सुमारे ०.८८ जूल ऊर्जा असते. हेडमधील मंडल नष्ट करण्यास ती पुरेशी आहे. केबल तिरपी निघाली वा बसली तरी हाच धोका संभवतो.

दुसरी पायरी : केबलची दोन्ही टोके व दोन्ही सॉकेट भिंगाखाली पाहावेत. शाईचा ओघळ, तपकिरी डाग किंवा काळवंडलेला संपर्क दिसल्यास आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण सुकू द्यावे. जळल्याची खूण असलेली केबल पुन्हा वापरू नये.

तिसरी पायरी : केबलची प्रत्येक वाहिनी टोकापासून टोकापर्यंत अखंड आहे ना, आणि शेजारच्या वाहिनीशी तिचा संबंध नाही ना, हे दोन्ही तपासावे. मोजताना केबल हळूहळू वाकवावी.

चौथी पायरी : बोर्डवरील फ्यूज तपासावेत. फ्यूज उडाला असेल तर तो का उडाला हे कळेपर्यंत नवा लावू नये; तारेचा तुकडा तर मुळीच लावू नये.

पाचवी पायरी : ट्रान्झिस्टर डायोड पद्धतीने मोजावेत. बेस-एमिटर व बेस-कलेक्टर या जोडांवर एका दिशेने साधारण ०.५ ते ०.७ व्होल्ट दिसावे. कलेक्टर व एमिटर यांत शून्याजवळचे वाचन आल्यास घटक शॉर्ट झाला आहे. बोर्डवरच मोजताना इतर घटकांमुळे फसगत होते, म्हणून संशय आल्यास सुटा करून मोजावा. एक निकामी असला तरी जोडीतील दोन्ही बदलावेत.

सहावी पायरी : हेड सुटे असताना चालक तरंगाची संपर्कपट्टी व ग्राउंड यांत मोजमाप घ्यावे. दोन्ही दिशांनी काही ओहमचेच वाचन येत असेल तर हेड शॉर्ट आहे. ते कोणत्याही चांगल्या बोर्डला जोडू नये. त्याच प्रकारच्या निर्दोष हेडची वाचने आधी नोंदवून ठेवलेली असल्यास तुलना निर्णायक ठरते.

सातवी पायरी : दुरुस्तीनंतर प्रथम हेड न जोडता वीज द्यावी. पुरवठ्याचा दाब योग्य आहे व ट्रान्झिस्टर तापत नाहीत, एवढेच येथे पाहावे. काही यंत्रे हेडमधील तापमानसंवेदक न सापडल्याने दोष दाखवितात. त्यावरून बोर्ड बिघडला असे समजू नये. प्लगशी मालिकेत दिवा जोडण्याची रीत विद्युतपुरवठ्याचे रक्षण करते, हेडचे नव्हे; कारण धारित्रात साठलेली ऊर्जा दिव्याच्या पलीकडे असते. सर्व काही ठीक आढळल्यावर यंत्र बंद करून, धारित्र रिकामे झाल्याची खात्री करून मगच हेड जोडावे.

या क्रमामागे एकच तत्त्व आहे : बिघडलेले हेड चांगला बोर्ड जाळते व बिघडलेला बोर्ड चांगले हेड जाळतो, केबल दोघांनाही जाळू शकते. म्हणून तिन्ही घटक स्वतंत्रपणे निर्दोष ठरल्याशिवाय नवा घटक जोडणे म्हणजे तोही पणास लावणे होय.

६. समारोप

रूपांतरित प्रिंटर हे विद्यार्थ्यांसाठी भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स व द्रवगतिकी यांचा संगम आहे. त्यातील बिघाडही शिकविण्यास योग्य साधन ठरतो : लक्षण, गृहीतक, मोजमाप व निष्कर्ष हा क्रम येथे हातांनी गिरविता येतो. प्रत्येक विभागाने यंत्रासोबत एक नोंदवही ठेवावी. यंत्र सुस्थितीत असतानाची वाचने, वापरलेला द्रव, टाकीची उंची आणि केबल बदलल्याची तारीख तीत लिहावी. आमच्याकडे ही वही पहिले हेड जळाल्यानंतर सुरू झाली. ती त्याआधी असती तर दुसरे वाचले असते.