ट्रॅकवर जाण्याआधी ब्रेक ऑइल बदला

चेन्नईहून बंगळूरच्या रस्त्याला लागलं की श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगट्टुकोट्टई लागतं. गावाची ओळख दुहेरी आहे. एक म्हणजे ह्युंदाईचा भलामोठा कारखाना, आणि दुसरी म्हणजे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा रेसट्रॅक. हा ट्रॅक होण्याआधी क्लबच्या शर्यती शोलावरमच्या, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या धावपट्टीवर होत. इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक १९९० साली सुरू झाला. लांबी ३.७१७ किलोमीटर, वळणं बारा. हल्ली त्याला मद्रास इंटरनॅशनल सर्किट म्हणतात. शर्यती नसतात तेव्हा इथे अधूनमधून ‘ट्रॅक डे’ होतात. फी भरायची, आपली रोजची गाडी आणायची आणि समोरून ट्रक, रिक्षा, म्हैस काहीही येणार नाही अशा रस्त्यावर ती मनसोक्त पळवायची. स्पर्धा नसते, क्रमांक नसतात. पुण्या-मुंबईचे हौशी लोक इथे किंवा कोइमतूरच्या २.१ किलोमीटरच्या कारी मोटर स्पीडवेवर जातात. पुण्याहून इरुंगट्टुकोट्टई हजार किलोमीटरच्या पुढे आहे. बरेच जण ते अंतर त्याच गाडीने कापतात आणि त्याच गाडीने परततात.

तारीख ठरली की पहिल्यांदा जाणाऱ्याचं डोकं भलत्याच दिशेने धावू लागतं. सायलेन्सर बदलू या का, ईसीयू रीमॅप करून आणखी वीस घोडे काढू या का? याची काही गरज नसते. साधी स्विफ्ट किंवा चाकणला तयार झालेली पोलो (याच पोलोची स्वतंत्र शर्यतमालिका भारतात २०१० पासून होती) नवख्या माणसाला पेलेल त्याहून कितीतरी जोरात पळते. कमी पडतात ते ब्रेक.

हिशेब सोपा आहे. वेग दुप्पट झाला की गाडीतली गतिज ऊर्जा चौपट होते. बाराशे किलोची गाडी ताशी १४० वरून ६० वर आणायची तर साडेसातशे किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा ब्रेकना उष्णतेच्या रूपात पचवावी लागते. नळाचं दोन लिटर पाणी उकळून वर थोडी उरेल एवढी ती असते, आणि हे सगळं तीन-चार सेकंदांत. रस्त्यावर असा ब्रेक महिन्यातून एखादे वेळी लागतो. ट्रॅकवर तो दर लॅपला लागतो, एकदा नव्हे, अनेकदा. डिस्कला थंड व्हायला उसंतच मिळत नाही. ही उष्णता पॅडमधून कॅलिपरमध्ये आणि तिथून ब्रेक ऑइलमध्ये उतरते.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषत राहतं आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. मानकाप्रमाणे ताज्या डॉट ३ ऑइलने किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. ओल धरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५, तर डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. तीन पावसाळे पाहिलेलं ऑइल ट्रॅकवर उकळलं तर नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. पाय ब्रेकवर पडतो, पेडल थेट तळाला जातं आणि गाडी आपल्याच तालात पुढे. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी जुनं ऑइल पूर्ण काढून ताजं डॉट ४ किंवा ५.१ भरून घ्यावं आणि चारही चाकांच्या ब्रेक नळ्यांमधली हवा काढून घ्यावी. ‘साहेब, टॉपअप करून देतो’ म्हणणाऱ्या मेकॅनिकला नम्रपणे नाही म्हणावं. नावाने जवळचं वाटणारं डॉट ५ हे सिलिकॉनचं, वेगळ्या जातीचं असतं. ते यात मिसळायचं नाही.

पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक हवेत. नवे टाकले असतील तर ते आधी डिस्कवर नीट बसू द्यावे लागतात. रिकाम्या रस्त्यावर मध्यम वेगाने आठ-दहा वेळा दाबून, मध्ये थंड होऊ देऊन हे काम होतं. ट्रॅकवर पोहोचून हे करत बसलं तर पहिलं सेशन त्यातच जातं.

टायर महागडे नसले तरी चालतील, म्हातारे नकोत. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. हवा सकाळी टायर थंड असताना कंपनीने सांगितल्याइतकी भरायची. तापमान साडेपाच अंशांनी वाढलं की दाब साधारण एक पीएसआयने चढतो, त्यामुळे सेशन संपवून आलं की गेजवरचा आकडा बराच वर गेलेला दिसतो. टायरच्या काठावर खडूने उभी रेघ मारून ठेवली तर वळणावर तो किती कलंडतोय ते खडू पुसल्याच्या खुणेवरून कळतं. जुने लोक अजून हेच करतात आणि त्यात काही कमी पडत नाही. व्हील नट टॉर्क रेंचने घट्ट करायचे आणि पहिल्या सेशननंतर पुन्हा तपासायचे.

मग गाडी रिकामी करायची. स्टेपनी, जॅक, पायाखालची मॅट, डिकीतली छत्री, आरशाला टांगलेलं काहीबाही, सगळं बाहेर. डॅशबोर्डवरचा गणपतीही चिकटवलेला नसेल तर घरी ठेवावा. सीटखालून घरंगळत आलेली पाण्याची बाटली ब्रेक पेडलमागे अडकली तर काय होईल, याचा विचार एकदा केला की हात आपोआप भराभर चालतात. टो हुक मात्र सोबत हवा.

विम्याचा कागदही आधी वाचावा. खासगी गाडीच्या भारतातल्या पॉलिसीत आयोजित शर्यती, वेगचाचण्या वगैरे वापर सहसा वगळलेला असतो. भिंतीला घासलेला दरवाजा स्वतःच्या खिशातून दुरुस्त करायचा, असं धरूनच जाणं बरं.

चालकाची तयारी तुलनेने स्वस्तात होते. सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे, कारण कृत्रिम धाग्याचं कापड आगीत वितळून अंगाला चिकटतं. पातळ तळव्याचे बूट. चपला घालून हायवे पालथा घालणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही, पण इथे ते चालत नाही. चेहरा पूर्ण झाकणारं हेल्मेट लागतं. कोणत्या मानकाचं चालेल ते आयोजकांना विचारून घ्यावं. मोटारस्पर्धेसाठीच्या स्नेल एसए हेल्मेटची आगीसाठीही चाचणी होते, मोटरसायकलच्या स्नेल एम हेल्मेटची तशी होत नाही. पाणी भरपूर प्यावं. चेन्नईच्या दमट उन्हात दुपारच्या सेशनमध्ये होणाऱ्या चुका पुष्कळदा घशाच्या कोरडेपणातून येतात.

सकाळी गाडीची तपासणी आणि मग ब्रीफिंग होतं. मागच्या रांगेत फोन बघत बसण्याची ही वेळ नव्हे, कारण झेंडे इथेच समजावतात. पिवळा म्हणजे पुढे धोका, वेग कमी, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सेशन थांबलं, सावकाश पिटमध्ये या. निळा म्हणजे मागे जास्त वेगवान गाडी आहे. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे रस्ता निसरडा, कुणाचं तरी तेल सांडलंय. काळ्यावर नारिंगी गोल दिसला तर बिघाड आपल्याच गाडीत आहे. नवख्यांच्या गटात ओव्हरटेक बहुधा ठरलेल्या सरळ पट्ट्यांवरच करता येतं, तेही पुढच्याने हाताने वाट दिल्यावर. हॉर्न आणि डिपर मारून वाट काढणाऱ्यांना इथे पहिला तास अवघड जातो.

प्रत्यक्ष चालवताना सर्वांत आधी बदलावी लागते ती नजर. खड्डे चुकवत मुरलेला आपला ड्रायव्हर बॉनेटपुढच्या दहा-पंधरा मीटरकडे बघतो. ताशी १४० ला गाडी सेकंदाला जवळपास ३९ मीटर जाते, म्हणजे तो जे बघतोय ते केव्हाच मागे पडलेलं असतं. वळणाच्या तोंडाशी असताना डोळे वळणाच्या आतल्या टोकावर आणि तिथे पोहोचण्याआधीच बाहेर पडण्याच्या जागेवर हवेत. ब्रेक सरळ रेषेत, वळणाआधीच मारायचा. एबीएसमुळे पेडल पायाखाली थरथरलं तरी पाय ढिला करायचा नाही. आतल्या टोकाला थोडं उशिरा शिवायचं, कारण घाईने आत घुसणारी गाडी बाहेर पडताना रस्ता संपवते. आणि वळणाच्या मध्यावर घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडायचा नाही. वजन पुढच्या चाकांवर जातं, मागची चाकं हलकी होतात आणि शहाण्यासारखी वागणारी हॅचबॅकसुद्धा शेपूट फिरवते. स्टॅबिलिटी कंट्रोल चालूच ठेवावा. तो बंद करण्यात पहिल्या दिवशी कसलंही शौर्य नाही.

हे सगळं एकाच वेळी सांभाळणं जड का जातं, याचं उत्तर कीथ कोड या अमेरिकन प्रशिक्षकाने दिलं आहे. त्याने १९८० मध्ये कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूल काढलं आणि तीन वर्षांनी ‘अ ट्विस्ट ऑफ द रिस्ट’ हे पुस्तक लिहिलं. त्याच्या शाळेचे वर्ग इरुंगट्टुकोट्टईतही भरले आहेत. त्याचं म्हणणं, प्रत्येकाकडे अवधानाची दहा डॉलरची नोट असते. नवखा त्यातले पाच नुसत्या चालवण्यावर खर्च करतो, सरावलेल्याला तेवढ्यासाठी थोडेच पुरतात आणि उरलेले रेषेसाठी, वेगासाठी हाताशी राहतात. तो बोलत होता मोटरसायकलबद्दल, पण मोटारीलाही ते तंतोतंत लागू पडतं. म्हणूनच पहिल्या दिवशी लॅपची वेळ मोजू नये. घड्याळ नवख्याच्या नोटेतले निम्मे डॉलर एकटंच खाऊन टाकतं.

पुण्याची डायना पंडोल २०१८ साली जेके टायरच्या महिलांसाठीच्या निवड कार्यक्रमातून या खेळात आली. २०२४ मध्ये याच ट्रॅकवर तिने एमआरएफ सलून गटाचं विजेतेपद मिळवलं. कार रेसिंगचं राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. मधली सहा वर्षं लक्षात घेतली तर पहिल्या दिवसाकडून फार अपेक्षा का ठेवू नये ते कळतं.

सेशन पंधरा-वीस मिनिटांचं असतं. शेवटची लॅप ब्रेकला जवळजवळ हात न लावता, सावकाश मारायची, म्हणजे वाऱ्याने डिस्क थंड होतात. पॅडॉकमध्ये आल्यावर हॅण्डब्रेक ओढायचा नाही, कारण तापलेले पॅड तापलेल्या डिस्कला किंवा ड्रमला घट्ट धरून बसतात. गाडी गियरमध्ये ठेवून चाकाला दगड लावायचा.

आणि गाडी ट्रॅकबाहेर गेलीच तर? स्टिअरिंग सरळ धरायचं. मातीत उतरलेली दोन चाकं झटक्याने डांबरावर आणायला गेलं तर गाडी आडवी फिरून समोरच्या भिंतीकडे जाते. गिरकी बसली तर क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबून धरायचे. थांबल्यावर सीटबेल्ट न काढता मार्शलच्या खुणेची वाट पाहायची. तिथून सरळ पिटमध्ये येऊन रेडिएटरच्या जाळीतलं गवत आणि टायरमधले खडे काढून टाकायचे, गाडीखाली काही लोंबतंय का ते बघायचं आणि पुढचं सेशन सोडून द्यायचं.