निर्वासितांचा हिशेब पहिल्या वर्षावरच का थांबतो?

जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेने निर्वासितांच्या पुनर्वसनाचा कार्यक्रम स्थगित केला. तेव्हापासून एक वाक्य सारखं कानावर येतं: ‘बरं झालं, करदात्यांनी यांना जन्मभर का पोसायचं?’ पुण्यात ऐकू येतं, न्यू जर्सीतल्या आपल्या माणसांकडूनही. पुराव्यादाखल पहिल्या वर्षीचा दरडोई खर्च सांगितला जातो. तो आकडा बहुधा खराच असतो आणि संताप त्याचाच येतो, कारण खऱ्या आकड्यावरून काढलेला खोटा निष्कर्ष खोडायला फार कष्ट पडतात.

पहिल्या वर्षी खर्च होणारच. घरभाडं, औषधपाणी, भाषेचे वर्ग, मुलांची शाळा. पण कलम लावलं त्याच वर्षी आंबे मोजून बाग तोट्यात आहे असं कुणी ठरवत नाही. नोट्र डेम विद्यापीठाच्या विल्यम इव्हान्स आणि डॅनियल फिट्झगेराल्ड यांनी २०१७ साली वीस वर्षांचा हिशेब मांडला. १८ ते ४५ या वयात अमेरिकेत आलेले निर्वासित सुरुवातीला सरकारी मदतीवर बरेच अवलंबून असतात. सहा वर्षांनंतर त्यांच्यातलं रोजगाराचं प्रमाण तिथेच जन्मलेल्यांपेक्षा जास्त असतं. आठ वर्षांनी ते घेतात त्याहून जास्त कर देऊ लागतात. वीस वर्षांत सरकारच्या पदरी माणशी सरासरी २१ हजार डॉलर जास्त पडतात. उतारवयात येणाऱ्यांचा हिशेब यात नाही, हेही लक्षात ठेवावं.

अभ्यासकांवर विश्वास नसेल तर सरकारचंच काम पाहा. अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या एका अहवालाच्या मसुद्यात २००५ ते २०१४ या काळात निर्वासितांकडून खर्चापेक्षा ६३ अब्ज डॉलर जास्त महसूल आल्याचं नोंदवलं होतं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने सप्टेंबर २०१७मध्ये हा मसुदा उघडकीला आणला. खात्याने शेवटी जो तीन पानी अहवाल दिला, त्यात महसुलाचा उल्लेखच नव्हता. खर्च ठेवला, जमा गाळली! हे अज्ञान म्हणून सोडून देता येत नाही.

सगळीकडे असंच घडतं, असा दावा मात्र मी करणार नाही. डेन्मार्कच्या अर्थ मंत्रालयाच्या हिशेबात बिगर-पाश्चात्त्य देशांतून आलेल्यांवरचा निव्वळ खर्चच दिसतो. माणसं किती वयाची येतात, काम किती लवकर मिळतं आणि कल्याणकारी योजना किती उदार आहेत, यांवर उत्तर बदलतं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘विमानाचं तिकीट फुकट’: अमेरिकेत ते बिनव्याजी कर्ज असतं, फेडावं लागतं. ‘सगळा भार श्रीमंत देशांवर’: संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीनुसार सुमारे तीन चतुर्थांश निर्वासित अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, एका वर्षात तिसऱ्या देशात पुनर्वसन होतं ते एक टक्क्याहूनही कमी लोकांचं. ‘नोकऱ्या पळवतात’: १९८०मध्ये क्यूबातून सव्वा लाख माणसं फ्लोरिडात आली, मायामीतलं मनुष्यबळ सात टक्क्यांनी वाढलं, पण अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांना स्थानिकांच्या वेतनावर आणि बेकारीवर जवळपास काहीच परिणाम आढळला नाही. अर्थतज्ज्ञ जॉर्ज बोर्हास यांनी पुढे अल्पशिक्षित कामगारांपुरतं या निष्कर्षाला आव्हान दिलं. तो वाद मिटलेला नाही.

खरा सामाजिक खर्च वेगळ्याच जागी आहे आणि तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. आयकराचा मोठा वाटा केंद्राकडे जातो, शाळेचे वर्ग मात्र त्या त्या शहराला वाढवावे लागतात. ब्रिटनचं उदाहरण घ्या. १९७२मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना देशातून हाकललं. त्यांत बहुसंख्य गुजराती होते, गोवेकर कुटुंबंही होती. सुमारे २८ हजार जण ब्रिटनला पोहोचले. त्याआधीच तिथल्या लेस्टर शहराच्या नगरपालिकेने ‘युगांडा आर्गस’ या वृत्तपत्रात जाहिरात दिली होती: आमच्याकडे घरं, शाळा अपुऱ्या आहेत, येऊ नका. ती जाहिरात लाजिरवाणी होती, पण शाळांवरचा ताण काल्पनिक नव्हता. सरकारने नेमलेल्या मंडळाने देशाचे ‘लाल’ आणि ‘हिरवे’ भाग पाडून लोकांना गर्दीच्या लाल शहरांपासून दूर वळवून पाहिलं. लेस्टर लाल यादीत होतं. तरीही हजारो जण तिथेच गेले, कारण नातलग तिथे होते आणि होजिअरीच्या कारखान्यांत काम मिळत होतं.